ब्रेकची नळी नीट कां बांधावी?

मोटारींत बसणाऱ्या माणसाचें लक्ष ज्या गोष्टींकडे जातें, त्या बहुतेक वरच्या अंगाच्या असतात. रंग कसा आहे, गादी किती मऊ आहे, इंजिनाचा आवाज किती दबका आहे, एवढें पाहून गाडीची परीक्षा संपते. परंतु आंत बसलेल्या सर्वांचे प्राण जिच्यावर अवलंबून असतात, अशी एक वस्तु गाडीच्या पोटाखालीं, धुळींत आणि चिखलांत, कोणाच्याहि दृष्टीस न पडतां आपलें काम करीत असते. ती म्हणजे ब्रेकची नळी. तिची बाहेरची जाडी सामान्यतः ४.७५ मि.मी., म्हणजे साध्या पेन्सिलीहूनहि कमी. आणि आंतील पोकळी गव्हाच्या काडीएवढी. या नळीचा जो भाग मागच्या आंसावरून, कारागिरांच्या भाषेंत मागच्या आक्सलवरून, दोन्ही चाकांकडे जातो, तो आंसाला कसा बांधावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु तो नीट उलगडला तर हातच्या कामांतील नीटनेटकेपणा कशाकरितां असतो, हेंहि त्यांतून स्पष्ट होईल.

स्वतःच्या हातानें मोटार बांधण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं ‘मीरा’ नांवाची छोटी मोटार तयार केली, आणि पुढें कित्येक वर्षें ते तिचीं नवीं नवीं रूपें बांधीत राहिले. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवचे दत्तात्रय लोहार यांनीं भंगारांतील सामान जमवून, दुचाकीप्रमाणें किक मारून चालूं होणारी एक लहानशी जीप बांधली. २०२१ च्या डिसेंबरांत उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिची जाहीर प्रशंसा केली. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अधिकारी ती थांबवितील, असेंहि त्यांनीं त्याच वेळीं सांगितलें, आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. २०२२ च्या जानेवारींत ती लोहार कुटुंबाच्या हातीं आली. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीहि या हौसेंत मागें नाहींत. २००७ पासून मध्य प्रदेशांत पिथमपूर येथें ‘बाहा’ नांवाच्या ज्या स्पर्धा सुरू झाल्या, त्यांकरितां महाराष्ट्रांतील विद्यार्थी स्वतः गाड्या बांधून नेत आले आहेत. यांखेरीज जुनी जीप सुटी करून, तिचा सांगाडा घांसून साफ करून, ती पुन्हा जुळविणारे हौशी लोकहि निरनिराळ्या गांवीं आढळतात.

कायद्याची बाजू येथें एका वाक्यांत सांगितली पाहिजे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें नव्या नमुन्याच्या गाडीला अधिकृत परीक्षक संस्थेची मान्यता मिळाल्याशिवाय नोंदणी नाहीं, आणि नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्ता नाहीं. अशी परीक्षा घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था पुण्यांतच आहे. परंतु गाडी परवानगीची असो, कारखान्यांत बनलेली जुनी जीप असो, किंवा केवळ आपल्या शेतांत फिरविण्यासाठीं बांधलेली असो, उताराला यांतील भेद कळत नाहीं. उतार फक्त वजन ओळखतो.

आणि उतार म्हणजे काय, हें भोर-वेल्ह्याच्या मुलखाइतकें चांगलें दुसरीकडे क्वचित्‌च शिकावयास मिळेल. पुण्याहून कात्रज ओलांडून दक्षिणेस निघालें म्हणजे चेलाडी फाट्यावर उजव्या हाताला वेल्ह्याचा रस्ता फुटतो. थोडें पुढें कापूरहोळापासून भोरचा. वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्यास २०२४ सालीं मंत्रिमंडळानें मान्यता दिली. त्या नांवावरूनच तो प्रदेश कसल्या डोंगरांचा आहे हें समजावें. वेल्ह्याहून पानशेतच्या बाजूला जावयाचें तर पाबे घाट. भोरहून मांढरदेवी व वाईकडे जावयाचें तर आंबाडखिंड. आणि कोंकणांत महाडला उतरावयाचें तर नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेनें जाऊन वरंधा घाट. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मध्यें अरुंद रस्ता आणि पुढें वळण. पावसाळ्यांत दरडी कोसळत असल्यामुळें वरंधा घाट अनेकदां वाहतुकीस बंद ठेवावा लागतो. अशा ठिकाणीं गाडी चढविणें हें इंजिनाचें काम आहे. पण ती सुखरूप उतरविणें हें ब्रेकचें काम आहे.

हें काम किती मोठें आहे याचा हिशेब शाळेंतील पदार्थविज्ञानावरून करतां येतो. माणसांसकट १,००० किलो वजनाची गाडी १०० मीटर खालीं उतरली म्हणजे जवळजवळ दहा लक्ष ज्यूल शक्ति कोठें तरी जिरवावी लागते. कांहीं भाग इंजिन घेतें. म्हणूनच घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरांत ठेवावी असें सांगतात. तें न करतां सारा भार ब्रेकवर टाकला, तर दर १०० मीटर उतारामागें निर्माण होणाऱ्या उष्णतेनें सुमारे तीन लिटर पाणी उकळीस येईल. वळणावळणाच्या घाटांत ही उष्णता चारच ड्रमांना किंवा तबकड्यांना सोसावयाची असते.

आतां ही शक्ति पायापासून चाकापर्यंत पोंचते कशी, तें पाहूं. बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा पास्कलचा सिद्धांत सतराव्या शतकांतील आहे. त्याचा उपयोग मोटारीच्या ब्रेकला करण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील मॅल्कम लॉकहीड यांच्याकडे जातें. त्यांचा पहिला हक्क १९१७ सालचा, आणि १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारहि चाकांना असे ब्रेक बसले. समजा, चालकानें पायानें ३० किलोचा भार दिला आणि पायखुंटीच्या तरफेनें तो पांचपट, म्हणजे १५० किलो झाला. मास्टर सिलिंडरांतील दट्ट्याचा व्यास १९ मि.मी. असेल तर त्याचें क्षेत्रफळ २.८ चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येतें. तेव्हां नळींतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो झाला. मोटारीच्या टायरमध्यें हवेचा दाब साधारण २ किलो असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या काडीएवढ्या पोकळींत काय कोंडलेलें असतें याची कल्पना येईल.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत धोका आणखी एका कारणानें वाढतो. त्यांत चारहि चाकांची नळी एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच घरांतून निघते. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप अशीच होती. १९४७ सालीं मुंबईंत महिंद्रांच्या कारखान्यांत जुळूं लागलेल्या जीपा याच घराण्यांतल्या. अशा गाडींत मागच्या आंसावरील नळीला सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें तरी पायखुंटी तळाला जाते, आणि पुढचीं चाकें शाबूत असूनहि त्यांना दाब मिळत नाहीं. अमेरिकेंत १९६८ पासून मोटारींना ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग सक्तीचे झाले. एक गेला तरी दुसरा उरतो. घरीं गाडी बांधणारानें दोन घरांचा मास्टर सिलिंडर वापरावा, ही पहिली सूचना. परंतु एक भाग उरेल, या भरंवशावर दुसरा भाग निष्काळजीपणें बांधणें हें शहाणपण नव्हे.

नळी बांधण्याची खरी अडचण मागच्या आंसापाशींच कां येते? कारण गाडीचा सांगाडा पाट्यांवर तरंगत असतो आणि आंस चाकांबरोबर हालत असतो. खड्डा आला कीं आंस वर उसळतो, एक चाक दगडावर चढलें कीं तो तिरपा होतो, आणि ब्रेक लागतांच तो स्वतःभोंवतीं किंचित् वळूं पाहतो. सांगाड्यावरील धातूची नळी सरळ आंसावर नेली तर थोड्याच दिवसांत ती हेलकाव्यांनीं तुटेल. म्हणून दोहोंमध्यें रबरी होज असतो. होजचें एक टोंक सांगाड्यावरील कानाला पक्कें केलेलें असतें, दुसरें टोंक आंसावरच्या तीनतोंडी सांध्यांत, म्हणजे ‘टी’मध्यें बसतें, आणि तेथून दोन धातूच्या नळ्या उजव्या-डाव्या चाकांच्या सिलिंडरांकडे जातात. यावरून नियम निघतो तो असा: होजपर्यंतचें सर्व सांगाड्याला बांधावें, होजनंतरचें सर्व आंसाला बांधावें, आणि हालचाल जी व्हावयाची ती एकट्या होजमध्येंच व्हावी.

प्रथम मार्ग ठरवावा. नळी आंसाच्या मागच्या अंगानें, मध्यरेषेच्या किंचित् वरून न्यावी. खालून नेली तर शेतांतील ढेकूळ आणि रस्त्यांतील दगड तिला भिडतात. पुढून नेली तर धांवत्या गाडीनें उडविलेली खडी नेमकी तिच्यावर बसते. पाटे आंसाला आंवळणाऱ्या यू-बोल्टांच्या खालून ती कधींहि नेऊं नये, कारण पाटे बदलतांना तो बोल्ट सोडावाच लागतो. आंस वर उसळला म्हणजे जेथें रबरी ठोकळ्यावर आदळतो ती जागा, धुराड्याचा नळ, आणि हातब्रेकची तार, या तिहींपासून तिला दूर ठेवावें. मधल्या गोलाचें झांकण उघडण्यास ती आड येऊं नये. हा मार्ग डोळ्यांनीं ठरविण्यापेक्षां मऊ लोखंडी तारेचा तुकडा घेऊन आंसावर प्रत्यक्ष वांकवून पाहावा. तारेचा नमुना मनासारखा झाला कीं त्याबरहुकूम नळी वांकवावी. असें केल्यानें महागाची नळी वायां जात नाहीं आणि वांकणेंहि एकसारखीं येतात.

नळी पोलादाची किंवा तांबें-निकेलच्या मिश्र धातूची असावी. पोलादी नळी मजबूत खरी, पण गंजते; तांबें-निकेलची गंजत नाहीं आणि हातानें सुबक वांकते. नुसत्या तांब्याची नळी मऊ म्हणून मोहक वाटते. परंतु सततच्या थरथरीनें तांबें कडक होत जातें आणि शेवटीं तडकतें. प्लॅस्टिकच्या नळीला तर येथें मज्जावच आहे. विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धांतहि ती नियमानेंच निषिद्ध ठरविलेली आहे. वांकण देतांना नळी चेपूं नये, म्हणून ती गोल कप्पीभोंवतीं वळवावी. नळीचें तोंड फुलविण्यापूर्वीं तिच्यावर नट ओंवला आहे कीं नाहीं, हें दोनदां पाहावें. तोंड फुलविल्यावर नट आंत जात नाहीं, आणि सारें काम पुन्हा करावें लागतें.

आतां प्रत्यक्ष बांधणी. दोन आधारांमधील अंतर वीतभर, म्हणजे २०० ते २५० मि.मी. असावें, पहिला आधार टीच्या जवळ आणि शेवटचा चाकाच्या सिलिंडरकडे नळी वळते त्याच्या अलीकडे. टी स्वतः बोल्टानें आंसाला पक्का केलेला असावा. तो नळ्यांवर लोंबकळत असला तर होजचा प्रत्येक हिसका नळ्यांच्या तोंडांना बसतो. कांहीं आंसांवर हा टी ज्या पोकळ बोल्टानें बसवितात, तोच आंसांतील हवा बाहेर जाण्याचा मार्ग असतो. तेथें दुसराच भरीव बोल्ट ठोकून दिला तर आंतील तेल सीलांतून बाहेर येऊन ब्रेकच्या लायनरवर पसरतें.

आधारासाठीं आंसावर लहान पत्र्याचे कान वेल्ड करणें ही उत्तम रीत होय. मात्र तें काम आंस संपूर्ण सुटा असतांनाच करावें. जुळविलेल्या आंसावर वेल्डिंग केलें तर उष्णतेनें त्याची नळकांडी वांकण्याचा संभव असतो, तेलाचे सील जळतात, आणि विजेचा प्रवाह बेअरिंगांतून गेल्यास त्यांना चट्टे पडतात. आंस सुटा करणें शक्य नसेल तर आंसाभोंवतीं स्क्रूनें आंवळावयाची पोलादी पट्टी बसवावी आणि तिच्याखालीं पत्र्याचा कान धरून त्याला नळीची क्लिप लावावी. क्लिपच्या आंत रबराचें अस्तर हवें, म्हणजे धातूवर धातु घांसत नाहीं. क्लिप इतकी घट्ट असावी कीं नळी हालूं नये, आणि इतकीच घट्ट असावी कीं ती चेपूं नये.

पुष्कळ ठिकाणीं मात्र याऐवजीं प्लॅस्टिकच्या बंदांवर किंवा बांधणीच्या तारेवर काम भागविलेलें दिसतें. हे बंद पहिल्या दिवशीं फार व्यवस्थित दिसतात. पण ते नळीला आंसावर नुसते टेंकवून धरतात, अडकवून ठेवीत नाहींत. उन्हानें आणि उष्णतेनें ते ठिसूळ होतात, आणि एक तुटला कीं उरलेल्यांच्या मधलें अंतर दुप्पट होतें. तेवढा भाग थरथरूं लागतो आणि आंसाच्या ओतीव कडेवर घांसतो. तार तर त्याहून वाईट, कारण ती स्वतःच कानशीचें काम करते. नळीचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धां जाड नसतो. तो घांसून जाण्यास फार दिवस लागत नाहींत. आणि तो शेवटचा धागा तुटतो केव्हां? गाडी उभी असतांना नव्हे. ज्या क्षणीं चालक सर्व बळानें पाय दाबतो, त्याच क्षणीं दाब सर्वांत अधिक असतो, आणि नळी फुटते ती त्याच क्षणीं.

काम संपल्यावर परीक्षा घ्यावी. गाडी सांगाड्याखालीं मजबूत घोडे देऊन उचलावी आणि चाकें मोकळीं लोंबूं द्यावींत. अशा स्थितींत होज ताणला जातां कामा नये. नंतर एक चाक वर उचलून दुसरें खालीं सोडून पाहावें. होजला पीळ पडतां कामा नये आणि तो पाट्याला किंवा टायरला लागतां कामा नये. ब्रेकच्या तेलांतील हवा नेमानें काढावी. जुन्या एकेरी पद्धतींत सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याची रीत आहे. मग आंसाखालीं कोरडें वर्तमानपत्र पसरावें, एका माणसानें पायखुंटी जोरानें दाबून मिनिटभर धरावी आणि दुसऱ्यानें प्रत्येक सांधा बोटानें चांचपावा. पायखुंटी हळूहळू खालीं सरकत असेल, किंवा कागदावर एक जरी डाग पडला असेल, तरी ती गाडी अंगणाबाहेर नेऊं नये. शंभर किलोमीटर चालल्यावर सर्व क्लिपा पुन्हा एकदां पाहाव्यात.

वेल्हे आणि भोर या भागांत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे पाऊस. भातखाचरांच्या कडेनें जाणाऱ्या रस्त्यावरचा चिखल गाडीखालीं जाऊन बसतो, आणि बसतो तो नेमका क्लिपांच्या मागें. वरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते. पण क्लिपखालची ओली माती पोलादी नळीला महिनोन् महिने गंज चढवीत राहते. म्हणून पावसाळा संपल्यावर क्लिपा सोडून नळी पुसून पाहावी. ब्रेकचें तेलहि हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ३’ जातीचें नवें तेल २०५ अंशांच्या आंत उकळूं नये असें प्रमाण आहे. ओलावा मुरल्यावर तेंच प्रमाण १४० अंशांवर येतें. घाटांत तापलेल्या ब्रेकापाशीं तेल उकळलें तर नळींत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय रिकाम्या जागीं पडतो. यासाठीं दर दोन वर्षांनीं तेल बदलावें.

आतां पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊं. नळी नीट कां बांधावी? केवळ सुंदर दिसावी म्हणून नव्हे. गाडीखालीं वांकून तिचें सौंदर्य पाहणार कोण? ती नीट बांधावी याचें कारण असें कीं, नीट बांधलेल्या नळींत बिघाड झाला तर तो लगेच दिसतो. सरळ रेषेंतील एक क्लिप सुटली कीं ती रेष मोडते. सारख्या अंतरावरील आधारांपैकीं एक नाहींसा झाला कीं ती उणीव डोळ्यांत भरते. उलट, कशीहि वळविलेली, कोठेंहि अडकविलेली आणि तारेच्या गुंतवळ्यांत दडलेली नळी बिघडली काय नि न बिघडली काय, सारखीच दिसते. नीटनेटकेपणा म्हणजे दोषाला लपावयास जागा न ठेवणें. कारखान्यांत हें काम तपासणारीं माणसें असतात; घरीं बांधणाराला मात्र कारागीर आणि तपासनीस हीं दोन्हीं कामें स्वतःच करावीं लागतात, म्हणून त्याच्या कामांत हा गुण अधिक असला पाहिजे.

ज्यांच्या घरीं कोणी गाडी बांधीत नाहीं, त्यांनाहि यांतून घेण्यासारखें आहे. विकत घेतलेली मोटार कांहीं वर्षांची झाली असेल आणि तिच्यांतून मुलांबाळांना घेऊन राजगडच्या पायथ्याशीं, मांढरदेवीला किंवा वरंध्यावरून महाडकडे जाण्याचा बेत असेल, तर निघण्यापूर्वीं एकदां ती गॅरेजमध्यें वर उचलवावी आणि मिस्त्रीला मागच्या आंसावरील नळी दाखवावयास सांगावें. नळी आंसाच्या मागून जाते कीं खालून, क्लिपा जागच्या जागीं आहेत कीं नाहींत, कोठें गंज किंवा तेलाचा ओलावा आहे काय, होजच्या रबराला चिरा पडल्या आहेत काय, एवढ्या चार गोष्टी पाहावयास विशेष विद्या लागत नाहीं. एक बॅटरी आणि पांच मिनिटें पुरतात. प्रामाणिक मिस्त्रीला अशा प्रश्नाचा राग येत नाहीं, उलट आनंदच होतो. आणि दोष आढळलाच, तर प्रवास आठ दिवस पुढें ढकलावा. घाट कोठें जात नाहीं.